राहण्याचं कारण

“काल तुमचे यजमान हसले,” खालच्या मजल्यावरचे म्हातारे शेजारी तिला जिन्यात थांबवून म्हणाले.

तिच्या एका हातात भाजीची पिशवी होती, दुसऱ्या हातात किल्ल्या. हे गृहस्थ निवृत्त बसचालक. सहा वर्षांच्या शेजारात त्यांचं तिच्याशी बोलणं हवा, कचऱ्याचे डबे आणि पुन्हा हवा यापलीकडे गेलं नव्हतं. या देशात जिन्यात कुणी कुणाला थांबवत नाही. भिंतीकडे सरकून वाट देतात, मान हलवतात, झालं. त्यामुळे तिच्या तोंडून सवयीनं आधी माफीच निघाली. आवाज खाली आला का, त्रास झाला का, पुढं काळजी घेऊ. “छे छे, तक्रार नाही,” म्हातारे म्हणाले. “चांगलं खदखदून हसले. मी बायकोला म्हटलं, वर पाहुणा आलेला दिसतो. ती म्हणाली, पाहुणा नव्हे, तेच हसतायत. आमची पैज लागली. म्हणून विचारलं.” तिला उत्तर माहीत नव्हतं. काल ती दवाखान्यात होती, लेक शाळेत होती, घरी तो एकटाच होता. “तेच असतील,” ती म्हणाली. म्हाताऱ्यांचा चेहरा पडला. पैज हरले होते बिचारे.

घरात येऊन तिनं भाजी ओट्यावर ठेवली, पण पिशवीतून काढली नाही. आधी राग आला तो म्हाताऱ्यांचा. बातमी सांगावी तसं काय सांगतात, नळाला पाणी आलं, यजमान हसले. मग लक्षात आलं की बातमीच होती ती. तो हसत नाही असं नाही, हसतो की. ओठ मिटून, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पाडून, समोरच्याला बरं वाटावं इतपत. पण भिंतीपलीकडे जाणारं, एका म्हाताऱ्या जोडप्याला पैज लावायला लावणारं हसणं तिनं शेवटचं कधी ऐकलं होतं? आणि ऐकणं हा तर तिचा धंदा. माणसांचे कान तपासायचे, त्यांना काय ऐकू येतं आणि काय येत नाही ते शोधून काढायचं, लागलं तर यंत्र बसवून द्यायचं. परक्याच्या बोलण्यात एखादं अक्षर जरा दबलं तरी तिला कळायचं. आणि घरातल्या माणसाचा आवाज या सहा वर्षांत कधी खाली खाली गेला, हे तिला सांगायला खालच्या मजल्यावरचं कुणी जिन्यात भेटावं लागलं. म्हणतात ना, काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिनं मनात ती म्हण मोडीत काढली. काखेतला कळसा निदान ओला तरी लागतो.

या महिन्याच्या आत त्यांना ठरवायचं होतं. इथला कायमचा परवाना समोर आला होता. तो घेतला की राहणं पक्कं. नाही तर दिराच्या देशात जायचं. दिरानं आपल्या कारखान्यात धाकट्या भावासाठी जागा ठेवली होती, सरकारदरबारी खटपट करून परवानगीही मिळवली होती, आणि ती फार दिवस थांबणार नव्हती. आपल्या मूळ देशात परत जायचं हा तिसरा पर्याय त्यांनी केव्हाच बाजूला काढला होता. तिथं आता वाट पाहणारं कुणी उरलं नव्हतं. आणि वाट पाहणारं कुणी नसलेल्या गावाला परत जाणं म्हणजे सहल. तेव्हा हा देश की तो देश, असा हिवाळाभर घरात काथ्याकूट चालला होता. इथं दवाखाना चालत जाण्याइतका जवळ, नदीकाठची झाडांची वाट, दुपार उतरायच्या आत घरी येणारी ती. तिथं मोठं घर, उजेड, ऊन, माणसं, पण दुधाची पिशवी आणायलासुद्धा गाडी काढायची. इथं आजारी पडलं तर चिंता नाही, पण आजारी पडल्यावर कुणी डबा घेऊन येईल याचीही शक्यता नाही. तिथं चार लोक धावून येतील आणि चारी जण चार औषधं सांगतील. इथं तिच्या हाताखाली दोघीजणी शिकत होत्या. तिथं तिला पुन्हा परीक्षा द्यावी लागणार, वर्षभर दुसऱ्या कुणाच्या हाताखाली उभं राहावं लागणार, चव्वेचाळिसाव्या वर्षी. या सगळ्यात तोच जास्त ठामपणे इथल्या बाजूनं बोलायचा. “तुझं काम बघ,” म्हणायचा. “पोरीची शाळा बघ. ती एकटी पोहायला जाते, एकटी येते, जिवाला घोर नाही. हे तिथं मिळणार आहे का?” आणि ती मान हलवायची. नवरा-बायकोचं एकमत झालं म्हणजे निर्णय बरोबर असतो, असं तिला वाटत आलं होतं.

संध्याकाळी तो आला, बूट दाराशी नीट लावून ठेवले, हात धुतले. जेवताना ती त्याच्याकडे बघत नव्हती, नुसती ऐकत होती. पाणी दे. आज बस उशिरा आली. लेकीला, तुझा गृहपाठ झाला का. प्रत्येक वाक्य टेबलाच्या कडेपर्यंत पोहोचत होतं आणि तिथंच थांबत होतं. तिला एकदम मागच्या वर्षीचे दिराकडचे दिवस आठवले. ते ती बऱ्याचदा आठवायची, पण मैत्रिणींना हसवण्यासाठी: त्या घरात तीन खोल्यांत तीन टीव्ही कसे चालू असतात, जाऊबाई गाडीत सिग्नलला थांबून न्याहारी कशी उरकतात, खालून वर हाका, वरून खाली हाका, ‘घर नव्हे, फलाट’. तिच्या कानांना तिथं चौथ्या दिवशी खरोखर ठणका लागला होता. त्या हाकांमध्ये त्याचीही हाक होती, हे मात्र तिनं कधी सांगितलं नव्हतं, कारण तिच्या आठवणीत ती नव्हतीच. आता ती आली. दिराचा कारखाना लाकडी जिन्यांचा. हा तिथं पहिल्याच दिवशी बाह्या सरसावून आत शिरला होता. अर्धवट उभा केलेला एक जिना होता, त्याच्यावर हा चढला, उतरला, पुन्हा चढला, आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून वरूनच ओरडला, “दादा, ही पायरी खोटी आहे! उतरताना माणूस इथं दचकणार!” दीर खालून ओरडला, “माणूस दचकत नाही, तूच दचकतोस, लहानपणापासून!” मग दोघं भाऊ त्या पायरीवरून जेवणापर्यंत भांडले, जेवताना भांडले, आणि तिसऱ्या दिवशी ती पायरी बदलली गेली. तेव्हा तिला त्या आरडाओरड्यात फक्त आरडाओरडा ऐकू आला होता. लाकडाचा भुसा त्याच्या केसांत, भुवयांत, अगदी पापण्यांवरही होता आणि तो तसाच जेवायला बसला होता. इथं तो बूट ओळीत लावतो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिच्याकडे एक आजी आल्या. आवाज बाहेर जाऊ न देणारी छोटी खोली, आत खुर्ची, कानांवर हेडफोन, हातात बटण. तिनं नेहमीसारखं सांगितलं, आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, कितीही बारीक असला तरी. काचेच्या या बाजूला बसून ती आवाज कमी कमी करत गेली. आजी बटण दाबत होत्या. तिनं आणखी कमी केला. आजींनी दाबलं. मग तिनं आवाज बंदच करून टाकला आणि काचेतून नुसती बघत राहिली. आजींनी तिच्याकडे बघितलं, गोड हसल्या आणि बटण दाबलं. असे पेशंट नवे नव्हते. रोज एखाद-दुसरा असायचाच. ती आत गेली, हेडफोन काढला आणि कानाशी वाकून विचारलं, “आजी, खरंच ऐकू आलं?” आजी म्हणाल्या, “तू एवढी आशेनं बघत होतीस, म्हटलं दाबावं.” एरवी ती यावर हसली असती आणि तपासणी पहिल्यापासून सुरू केली असती. सुरू केलीच. पण हात यंत्रावर असताना डोक्यात मात्र हिवाळाभराची त्याची वाक्यं एकामागून एक येऊ लागली. तुझं काम. पोरीची शाळा. तुला चालत जाता येतं. पोरीला मैत्रिणी आहेत. तुझा पगार. तुला इथं मान आहे. इतक्या बोलण्यात ‘मला’ हा शब्द एकदाही नव्हता. ती आशेनं बघत होती आणि तो बटण दाबत होता. कामावरून निघाल्यावर ती नदीकाठच्या वाटेनं नेहमीपेक्षा भरभर चालली. पाणी होतं तसं होतं, बाकावर नेहमीचे लोक नेहमीसारखे गप्प बसले होते. तिला ही वाट मनापासून आवडायची. आजही आवडली, आणि त्याचाच राग आला.

तो ओट्याशी भांडी विसळत होता. लेक पोहायला गेली होती.

“परवा काय झालं होतं?” तिनं विचारलं.

“परवा?”

“हसलास म्हणे. खालच्यांना ऐकू आलं.”

त्यानं नळ बंद केला. “तक्रार केली त्यांनी?”

“पैज लावली. ते जाऊ दे. काय झालं होतं?”

“दादाचा फोन होता.” तो एक ताटली फडक्यानं पुसत राहिला, पुसून झाली तरी. “मी त्याला नाही म्हणून सांगून टाकलं. येत नाही म्हणालो. तर म्हणतो, गाढवा, तुझ्यासाठी खोली रंगवली, टेबल मांडलं, आता तिथं काय माझ्या सासूला बसवू? आणि त्याची सासू मागेच उभी. ती विचारते, कुठं बसायचंय मला?” सांगताना त्याचा आवाज क्षणभर मोठा झाला, ताटलीवर आदळला, आणि लगेच बसला. “म्हणून हसलो.”

तिला आधी काय वाटलं, तर सुटल्यासारखं वाटलं. अगदी पायातला घट्ट बूट काढावा तसं. परीक्षा नाही, ती गाडी नाही, तो फलाट नाही. नदी आपली, दवाखाना आपला. हे वाटणं खरं होतं आणि तिनं ते नाकारलं नाही. त्याला मनात नीट बसायला खुर्ची दिली. राग आला तो त्यानंतर, सावकाश, आणि पक्का.

“मला न विचारता?”

“तुझंच तर म्हणणं होतं.”

“म्हणणं होतं. निकाल नव्हता. माझ्या नावावर ‘नाही’ सांगून मोकळा झालास.”

“अगं, मी कुठं कुरकुर केली? मला चालतंय ना.”

“तेच. तुला सगळंच चालतंय.” ती खुर्ची ओढून बसली. “एक कर. इथं राहण्याचं तुझं स्वतःचं एक कारण सांग. एकच.”

“तुझं काम इथं...”

“माझं नको.”

“पोरगी किती मोकळी...”

“तिचं नको.”

“हवा चांगली आहे.”

“हवा सगळ्यांची आहे. तुझं सांग.”

तो खिडकीकडे बघू लागला. ती थांबली. थांबणं तिला येत होतं. काचेपलीकडच्या माणसाला घाई करायची नसते. समोरच्या इमारतीत कुणीतरी पडदा ओढला. त्यानं फडकं दोनदा घडी घालून उलगडलं.

“सवय झालीय,” तो शेवटी म्हणाला.

“कशाची?”

“कुणी न विचारण्याची.” हे तो कुरकुरीनं म्हणाला नाही, एखादं माप सांगावं तसं म्हणाला. “ऑफिसातले आकडे देतात, मी जिन्याचा नकाशा काढून देतो. चांगला आहे का, उतरताना बरा वाटेल का, असं सहा वर्षांत एकानं विचारलं नाही. वाईट नसतात म्हणा जिने. मशीनच काढतं अर्धं. मला वाटलं होतं, त्रास होईल. पण झाला नाही. आधी झाला, मग नाही झाला.”

ती काही बोलणार तेवढ्यात तोच तिच्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर जरा धार होती. तिला ती आवडली.

“आणि तू सांग की,” तो म्हणाला. “तिथं जाण्याचं तुझं एक कारण सांग. माझ्यासाठी म्हणून नको हां. उपकार नकोत मला. मीही परीक्षा घेऊ शकतो.”

हे तिनं धरलं नव्हतं. ऊन? तिला ऊन सोसत नाही. मोठं घर? झाडणार कोण? माणसं? माणसांनी तिचे कान ठणकवले होते. प्रामाणिकपणे बघितलं तर त्या देशात तिला हवं असं काहीही दिसत नव्हतं. आणि तरीही जायचं हे मनात ठाम होतं. तिनं त्याच्या हातातल्या फडक्याकडे बघितलं, दाराशी ओळीत लावलेल्या बुटांकडे बघितलं. या घरात सहा वर्षं एक फार चांगला पाहुणा राहत होता. आपली ताटली धुणारा, वाट देणारा, आवाज न करणारा.

“तू माझ्याशी भांडत नाहीस,” ती म्हणाली. “लग्न झाल्यावर आपण पडद्यांच्या रंगावरून आठवडाभर भांडलो होतो. इथं आल्यापासून एकदाही नाही. मला भांडायचंय. पाहुण्याबरोबर संसार करायचा कंटाळा आलाय मला.”

“हे तर माझ्यासाठीच झालं.”

“नाही. कंटाळा मला आलाय, तुला नाही. हे माझं आहे.”

त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, “आणि पडद्यांचा रंग भिकारच होता,” आणि नळ पुन्हा सोडला.

लेक ओल्या केसांनी घरात आली तेव्हा त्यांनी तिला जायचं ठरल्याचं सांगितलं. तिनं पिशवी जमिनीवर टाकली. “मी कोण आहे? कुंडी आहे का मी? इथनं उचलली, तिथं ठेवली?” आणि खोलीचं दार असं आपटलं की खालच्यांना नवी पैज लावता यावी. दोन दिवस ती आईशी बोलली नाही. तिला समजावणारं एकही वाक्य खरं नव्हतं, म्हणून आईनं समजावलं नाही. या व्यवहारात सगळ्यांत महाग तिलाच पडणार होतं आणि तिला कुणी भाव विचारला नव्हता. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. शाळेचं हे वर्ष पुरं करायचं. तिथं बसनं जाता येईल असा तलाव हवा. कुणी गाडीनं सोडायला येणार असेल तर ती पोहणारच नाही. आणि काकू तिच्या केसांना हात लावणार नाहीत. आईनं सगळं कबूल केलं. केसांची हमी देता येणार नाही, असं मात्र सांगितलं.

मग तिनं स्वतः दिराला फोन लावला. नवरा शेजारी बसला होता. “भाऊजी, तुमच्या सासूबाईंना तिथून उठवा,” ती म्हणाली. पलीकडे एवढा आनंद झाला की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला. तो ओसरल्यावर तिनं आपलं म्हणणं मांडलं. आम्ही वेगळं घर घेणार, तुमच्या घराच्या वरचा मजला नको. मी परीक्षा देणार, तोवर मला तुमच्या कारखान्यात बसवायचं नाही. आणि तीन वर्षांनी आम्ही पुन्हा विचार करणार. तेव्हा मी नाही म्हणाले तर तुम्ही तोंड फुगवायचं नाही. “कानवाल्या बाई,” दीर म्हणाला, “तुम्ही देशात येताय की माझ्यावर चालून येताय?” “बघा, काय सोसवतं ते,” ती म्हणाली.

तिथं जाऊन आता वर्ष होत आलं आहे. जे जे कठीण जाईल असं तिला वाटलं होतं ते ते कठीण गेलं, त्यात काही सूट मिळाली नाही. परीक्षा ती पहिल्याच खेपेला पास झाली, पण नव्या दवाखान्यात एका पेशंटला बारा मिनिटं द्यायची पद्धत होती. तेवढ्यात तपासायचं आणि यंत्र विकायचं. महिनाभर तिनं बघितलं, मग मालकिणीला सांगितलं की मला पंचवीस लागतील, नाही तर दुसरीकडे बघते. मालकीण वीसवर आली. हिनं मात्र पंचवीसच घेतली. लेकीनं तलाव शोधला, एक मैत्रीण शोधली, आणि दर आठवड्याला एकदा, ठरल्यासारखं, ‘तुमच्यामुळे’ या शब्दानं सुरू होणारं भांडण काढते. तो कारखान्यातून भुसा घेऊन घरी येतो आणि बूट जिथं निघतील तिथं काढतो. भावाशी त्याचे खटके उडतात, बायकोशीही उडतात. सोफा कुठल्या भिंतीला लावायचा यावरून परवा जेवणं थंड झाली. एखाद्या संध्याकाळी तिला ती नदी अशी आठवते की पोटऱ्या दुखायला लागतात. इथं कुणी चालतच नाही. अंगावर चढलेलं वजन तिला जिन्यावर कळतं. अशा संध्याकाळी ती मनात दोन्ही देशांचे भाव पुन्हा लावून बघते आणि हिशेब कधीही चोख जमत नाही. जमायला नको, हे तिला आता पटलं आहे. जमला असता तर कुणीतरी पुन्हा गप्प बसलं असतं.

गाडी शिकणं मात्र टळलं नाही. शिकवणारी बाई कडक होती. ‘आरशात बघा’ हे तिचं एकच वाक्य. मागच्या आठवड्यात ती पहिल्यांदा एकटी दवाखान्याला निघाली. सकाळचा उजेड, रुंद रस्ता, दोन्ही बाजूंनी गाड्या, हात चाकावर चिकटलेले. सगळ्यांत हळू जाणाऱ्यांच्या रांगेत ती शहाण्यासारखी चालली होती, आणि एका मोठ्या ट्रकच्या आड तिचं वळण निघून गेलं. मागून कुणीतरी भोंगा वाजवला. पूर्वीची ती असती तर माफी मागितली असती, कुणाची ते ठाऊक नसताना. रस्ता तिला उचलून एका उंच पुलावर घेऊन गेला. हा पूल तिनं कधी पाहिला नव्हता. खाली सगळं शहर पसरलं होतं, पत्र्यांची छपरं, तारा, गोदामं, रंग उडालेल्या पाट्या, कुठं झाड म्हणून औषधाला नाही. तिनं ते या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बघितलं. कुरूप आहे, तिनं ठरवलं, ठार कुरूप आहे, आणि आरशात बघून पुढच्या फाट्यासाठी वळणाचा दिवा लावला.